प्लॅस्टर-बंध : पायाच्या अस्थिभंगावरील उपचारांचा इतिहास

मोडलेल्या हाडाचे तुकडे योग्य जागी बसविल्यानंतर ते सांधले जाईपर्यंत स्थिर राहावेत म्हणून अवयवाभोवती जिप्समयुक्त पट्ट्यांचे जे कठीण कवच तयार करतात, त्यास प्लॅस्टर-बंध म्हणतात. बोलभाषेत त्यास नुसते ‘प्लॅस्टर’ असेच संबोधितात. सूज उतरेपर्यंत अवयवास एका बाजूने आधार देणाऱ्या पट्टीस ‘कच्चे प्लॅस्टर’ व अवयव पूर्णपणे वेढणाऱ्या बंधास ‘पक्के प्लॅस्टर’ म्हणण्याचा प्रघात रुग्णालयांतून रूढ आहे. हात मोडलेला मनुष्य हिंडूफिरू शकतो. पाय मोडलेला मात्र अंथरुणास खिळतो व बहुधा मिळकतीसही मुकतो. त्यामुळे पायाच्या अस्थिभंगात हाड जुळविण्याइतकाच रुग्णाने किती दिवस पडून राहावे व केव्हा उभे राहावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरत आला असून त्यासंबंधीचा वाद प्राचीन काळापासून आजतागायत चालू आहे.

हाड स्वतःच सांधले जाते. वैद्य ते सांधत नाही. बंधाचे कार्य तुकडे सरकू न देण्यापुरते मर्यादित असते. हाड मोडताच तेथे रक्त साकळते. पुढील दोनतीन आठवड्यांत त्या जागी तंतुमय व कूर्चामय ऊतकाचा मऊ जोड तयार होतो व त्यात क्रमाने कॅल्शियमाची लवणे साचून तो कठीण होतो. या जोडास कॅलस असे म्हणतात. त्याची घडण मूळ हाडासारखी होण्यास मात्र कित्येक महिने, क्वचित वर्षेही लागतात. प्रौढ व्यक्तीच्या घोट्याच्या साध्या अस्थिभंगास सु. ६ आठवडे, तर नडगीच्या हाडाचा (अंतर्जंघास्थीचा) मधला भाग मोडल्यास ३ ते ५ महिने बंध ठेवावा लागतो. लहान मुलांत हा काळ पुष्कळच कमी असतो. नडगीच्या पुढील बाजूस त्वचेखाली स्नायूंचे आवरण नसल्याने तेथे रक्तपुरवठा बेताचा असतो आणि मोडलेले टोक त्वचा फाडून सहज बाहेर येते. या एका शारीरिक वैशिष्ट्यामुळे नडगीचा अस्थिभंग शतकानुशतके वैद्यांची कसोटी पाहणारा ठरला.

प्राचीन काळ : ईजिप्तमध्ये पाचव्या राजवंशाच्या काळातील दफनभूमीत मोडक्या मांडीच्या हाडाभोवती लाकडी पट्ट्या व कापड बांधलेला सांगाडा सापडला असून त्याचे वर्णन ग्राफ्टन एलियट स्मिथ यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. ग्रीक वैद्यकात हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या अस्थिभंगविषयक ग्रंथात मेण व चरबी लावलेल्या पट्ट्यांचे बंधन वर्णिले आहे. प्रथम नुसत्या पट्ट्या बांधाव्यात व सूज ओसरल्यावर, सु. सातव्या दिवसानंतर, फळ्या लावाव्यात असा त्यात दंडक आहे. सूज उतरण्यापूर्वी घट्ट बंध घालू नये हा नियम आजही पाळला जातो.

या विषयाचे भारतीय विवेचन विशेष तपशीलवार आहे. सुश्रुतसंहितेत निदानस्थानातील पंधरावा अध्याय भग्नांच्या लक्षणांस व चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय त्यांच्या उपचारांस वाहिलेला आहे. भग्नाचे संधिमुक्त (सांधा निखळणे) व कांडभग्न (हाड मोडणे) असे दोन वर्ग मानून त्यांचे अनुक्रमे सहा व बारा प्रकार सांगितले आहेत. बंधासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड इ. वृक्षांच्या साली व बांबू यांच्या पट्ट्या वापराव्यात. या पट्ट्यांस ‘कुशा’ अशी संज्ञा आहे. मंजिष्ठ, ज्येष्ठमध, रक्तचंदन व तांदळाचे पीठ शंभर वेळा धुतलेल्या तुपात कालवून त्याचा लेप द्यावा असेही सांगितले आहे. सैल बंधाने सांध्याला स्थैर्य येत नाही, तर अति घट्ट बंधाने सूज, वेदना व पाक (पू होणे) उद्‌भवतो, म्हणून बंध मध्यम असावा, हे तत्त्व तेथे स्पष्टपणे मांडलेले आढळते. बंध बदलण्याचा काळ ऋतूनुसार सांगितला असून तो थंडीत सात, समशीतोष्ण काळात पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांचा आहे. सांधण्याचा काळ वयानुसार एक, दोन व तीन महिने असा वाढत जाणारा मानला आहे. आधुनिक अनुभवाशी तो बराचसा जुळतो.

पोटरी व मांडी यांच्या भग्नासाठी सुश्रुतसंहितेत ‘कपाटशयन’ सांगितले आहे. रुग्णास दाराच्या फळीसारख्या सपाट लाकडावर निजवून, पाच ठिकाणी खुंट्या ठोकून अवयव हलणार नाही अशा रीतीने बांधावयाचा, अशी ही योजना आहे. परंतु हाच ग्रंथ केवळ विश्रांतीवर थांबत नाही. तळहाताच्या भग्नानंतर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, नंतर सैंधवाचा खडा व हातात बळ आल्यावर दगड धरावा, असा चढत्या भाराचा व्यायामही त्यात सांगितला आहे. विश्रांती आणि हालचाल ही एकाच उपचाराची दोन अंगे होत, ही जाणीव या वर्णनात दिसते. पुढे युरोपात हीच दोन अंगे दोन परस्परविरोधी पंथ बनली.

उघडा अस्थिभंग : त्वचा फाटून हाड बाहेर आलेल्या अस्थिभंगात जंतुसंक्रामण होऊन मृत्यू ओढवणे ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नित्याची गोष्ट होती. अशा वेळी पाय तत्काळ कापून टाकणे हाच सुरक्षित मार्ग समजला जाई. त्यास अपवाद ठरलेल्या दोन रुग्णांच्या हकीकती वैद्यकाच्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. योगायोगाने दोघेही शस्त्रवैद्य होते. फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्र्वाझ पारे (सु. १५१०–९०) यांची नडगी १५६१ मध्ये घोड्याच्या लाथेने मोडली व हाड कातडीबाहेर आले. पाय न कापता जखम मोकळी ठेवून त्यांच्यावर उपचार करण्यात आले. झोपेत स्नायू आपोआप आखडून हाड पुन्हा सरकल्याचे त्यांनी स्वतःच नोंदले आहे. ते बरे झाले आणि हा अनुभव त्यांच्या ग्रंथात समाविष्ट झाला.

लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातील पर्सिव्हल पॉट (१७१४–८८) हे १७५६ मध्ये घोड्यावरून पडले. चरित्रकाराने दिलेल्या हकीकतीनुसार, गाडीच्या धक्क्यांनी होणारी इजा ओळखून ते थंडीत रस्त्यावरच पडून राहिले, एक दार विकत घेतले, त्यास भोयांचे दांडे ठोकविले आणि त्यावर निजून ते घरी पोहोचले. पाय कापण्याची सिद्धता झाली असता त्यांचे गुरू एडवर्ड नोर्स ऐन वेळी येऊन पोहोचले व त्यांनी पाय वाचविता येईल असे मत दिले. त्या सक्तीच्या विश्रांतीत पॉट यांनी अंतर्गळावरील ग्रंथ लिहिला. घोट्याच्या ज्या अस्थिभंगास त्यांचे नाव दिले जाते तो त्यांना स्वतःला झालेला नव्हता. हा गैरसमज पाठ्यपुस्तकांतूनही आढळतो.

कठीण कवचाचा शोध : पट्टी वाळून कडक व्हावी यासाठी निरनिराळे पदार्थ वापरले गेले. अरबी वैद्य अल्-जहरावी (९३६–१०१३) यांनी जात्याभोवतीची पिठाची धूळ व अंड्याचा पांढरा बलक यांचा लेप सांगितला आहे. बसरा येथील ब्रिटिश वकील विल्यम ईटन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील लोक मोडलेल्या पायाभोवती जिप्समचा लगदा ओतून तो घट्ट होऊ देतात असे कळविले. युरोपात या पद्धतीचे प्रयोग झाले, परंतु ओतीव प्लॅस्टरचा ठोकळा इतका जड होई की, रुग्ण त्यात जागच्या जागी जखडला जाई. बेल्जियन शस्त्रवैद्य लुई स्यूतँ (१७९३–१८६२) यांनी १८३०–४० या दशकात स्टार्च लावलेल्या पट्ट्यांचा बंध प्रचारात आणला आणि पाय मोडलेल्या रुग्णास कुबड्यांच्या आधाराने लवकर उठवावे असा आग्रह धरला. कल्पना योग्य होती. तथापि हा बंध वाळण्यास दोनतीन दिवस लागत व तेवढ्या अवधीत हाड पुन्हा सरके.

ही अडचण डच लष्करी शस्त्रवैद्य आंतोनियस मातेसन (१८०५–७८) यांनी दूर केली. हार्लेम येथे असताना त्यांनी जाडसर विणीच्या सुती कापडाच्या पट्ट्यांत प्लॅस्टर ऑफ पॅरिसची कोरडी पूड घासून भरली. पट्टी पायावर गुंडाळून ओली केली की ती काही मिनिटांतच घट्ट होई. १८५२ मध्ये त्यांनी या पद्धतीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. जिप्सम सु. १२०° ते १५०° से. पर्यंत तापविले असता त्यातील सु. तीन चतुर्थांश पाणी निघून जाते व पांढरी पूड उरते. पाणी मिळताच तिचे पुन्हा जिप्समच्या परस्परांत गुंतलेल्या स्फटिकांत रूपांतर होते. या विक्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणून ओला बंध अंगास ऊन लागतो. मातेसन यांचे कर्तृत्व नव्या द्रव्यात नव्हते. जिप्सम व कापड ही दोन्ही सर्वत्र उपलब्ध होती. पूड, कापड व पाणी यांची त्यांनी अशी सांगड घातली की, सैन्यातील एकटा वैद्यही रणांगणावर हलका व टणक बंध घालू शकला.

त्याच सुमारास रशियन शस्त्रवैद्य न्यिकलाय पिरगोव्ह (१८१०–८१) यांनी एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत कापडावर प्लॅस्टर चढविताना पाहून तशीच युक्ती योजिली. कापड जिप्समच्या पातळ लगद्यात भिजवून ते अवयवावर लावीत. १८५४ मध्ये त्यांनी आपली पद्धती प्रसिद्ध केली व क्रिमियन युद्धात सेव्हॅस्टोपोल येथे ती मोठ्या प्रमाणावर वापरली. ज्यांचे पाय पूर्वी निश्चितपणे कापले गेले असते अशा अनेक सैनिकांचे पाय त्यामुळे वाचले. प्रथमतेचा मान कोणाचा यावर बराच वाद झाला. प्रसिद्धीच्या तारखा पाहता मातेसन आधीचे, पण पिरगोव्ह यांचा प्रयोग स्वतंत्र असावा असे मानणे वाजवी ठरते.

विश्रांती की हालचाल : प्लॅस्टर सुलभ झाल्यावर त्याचे दोषही दिसू लागले. सांधे आखडतात, स्नायू झिजतात, पाय सुजतो. घट्ट बंधामुळे रक्तपुरवठा तुटून स्नायू मृत होतात व अवयव कायमचा वाकडा होतो, हे रिखार्ट फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये दाखवून दिले. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस (१८३४–९१) हे वेल्समधील परंपरागत हाडवैद्यांच्या घराण्यातील होते. विश्रांती पूर्ण, अखंड व दीर्घ असली पाहिजे असे ते मानीत. याउलट, पॅरिसचे झ्यूस्त ल्यूका-शांपीओन्येर (१८४३–१९१३) यांनी हालचाल व मर्दन यांनीच हाड लवकर सांधते असे प्रतिपादन करून १८९५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. युलिउस व्होल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला सिद्धांत, म्हणजे भार पडेल त्यानुसार हाडाची घडण बदलते हा, हालचालवाद्यांना पोषक होता. १८९५ मध्येच क्ष-किरणांचा शोध लागला व हाड खरोखर कसे जुळले आहे ते बंधातूनही पाहता येऊ लागले. त्यापूर्वी उत्तम बरा झालेला समजला गेलेला पाय प्रत्यक्षात आखूड किंवा तिरपा जुळलेला असे, हे वैद्यांना व न्यायालयांनाही कळून आले.

टॉमस यांनी गुडघ्याच्या विकारासाठी बनविलेली लोखंडी कड्याची चौकट त्यांचे शिष्य व आप्त रॉबर्ट जोन्स (१८५७–१९३३) यांच्या प्रयत्नाने पहिल्या महायुद्धात मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगासाठी वापरली गेली. मांडीत गोळी लागून झालेल्या उघड्या अस्थिभंगात युद्धारंभी सु. ८० टक्के सैनिक दगावत, ते प्रमाण १९१७ च्या सुमारास सु. १६ टक्क्यांवर आले असे तत्कालीन वैद्यांनी नमूद केले आहे. एवढ्या मोठ्या घटीचे सर्व श्रेय चौकटीस देणे मात्र योग्य नाही. याच काळात जखमा लवकर स्वच्छ करण्याची व धक्क्यावर उपचार करण्याची पद्धतही सुधारली होती. स्पेनच्या यादवी युद्धात बार्सेलोनाच्या जुझेप त्रुएता (१८९७–१९७७) यांनी अमेरिकन शस्त्रवैद्य विनेट ऑर यांच्या पद्धतीत भर घातली. जखमेतील मृत ऊतक कापून काढावयाचे, ती भरावयाची व वरून पूर्ण प्लॅस्टर चढवून कित्येक आठवडे उघडावयाचेच नाही, अशी ही पद्धती होती. दुर्गंधी असह्य होई. तथापि १,०७३ रुग्णांत केवळ ६ मृत्यू झाल्याचे त्यांनी १९३९ मध्ये नमूद केले.

शांतताकाळातील सर्वांत महत्त्वाचे कार्य व्हिएन्नाच्या लोरेंट्स ब्यलर (१८८५–१९७३) यांचे होय. कामगारांच्या अपघात विम्याच्या आश्रयाने १९२५ मध्ये तेथे खास अपघात रुग्णालय सुरू झाले. उपचारांवर जास्त खर्च केल्यास अपंगत्वाचे निवृत्तिवेतन वाचते, हे ब्यलर यांनी विमा संस्थेस आकडेवारीने पटवून दिले होते. मोडलेला भाग काटेकोरपणे स्थिर ठेवावा व उरलेला प्रत्येक सांधा पहिल्या दिवसापासून हलवावा, हे त्यांचे सूत्र होते. त्यांनी कापूस न घालता त्वचेलगत बसणारे प्लॅस्टर व त्याच्या तळाशी लोखंडी टाच जोडून चालण्याचा बंध वापरला. रुग्णांकडून सामुदायिक व्यायामही करवून घेतला जाई. विश्रांती व हालचाल यांतील जुन्या वादाची ही पहिली व्यवहार्य तडजोड म्हणता येईल. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ अनेक भाषांत गेला.

तडजोड सर्वांना मान्य झाली नाही. जर्मनीत गेर्हार्ट क्युंचर (१९००–७२) यांनी १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या मज्जागुहेत पोलादी खिळा ठोकून प्लॅस्टरची गरजच नाहीशी केली. दोस्त राष्ट्रांच्या वैद्यांना ही गोष्ट बरीचशी कळली ती मायदेशी परतलेल्या युद्धकैद्यांच्या क्ष-किरण चित्रांवरून. स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आदी शस्त्रवैद्यांनी १९५८ मध्ये स्थापिलेल्या गटाने पट्ट्या व स्क्रू यांच्या साहाय्याने हाड घट्ट जोडण्याचे शास्त्र उभारले. दीर्घ बंधामुळे येणारा आखडलेपणा, झीज व सूज यांस ‘अस्थिभंगरोग’ मानून तो टाळणे हे त्यांचे ध्येय होते. प्लॅस्टरच्या पुरस्कर्त्यांनीही उत्तर दिले. अर्न्स्ट डेने यांनी १९६१ मध्ये प्लॅस्टरमधील पायावर लगेच भार देण्याचे परिणाम प्रसिद्ध केले. ऑगस्टो सार्मिएंतो यांनी कृत्रिम पायाच्या खोबणीवरून कल्पना घेऊन गुडघा मोकळा ठेवणारा बंध बनविला व १९६७ मध्ये त्याचे वर्णन केले. पोटरीचे स्नायू कवचात सर्व बाजूंनी दाबले गेल्याने मोडलेला भाग आधार मिळून स्थिर राहतो, हे त्यामागील तत्त्व होय. आज प्रौढांच्या नडगीच्या मधल्या भागाचा सरकलेला अस्थिभंग बहुधा खिळ्यानेच जोडतात. तरीही प्लॅस्टर कालबाह्य झालेले नाही. ब्रिटनमध्ये साठीच्या पुढील ६२० रुग्णांवर केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घोट्याच्या अस्थिर अस्थिभंगात लगट बसणाऱ्या बंधाचा सहा महिन्यांनंतरचा परिणाम शस्त्रक्रियेच्या तोडीचा आढळला.

बंधातील रुग्ण : पहिले दोनतीन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. पाय उशीवर उंच ठेवणे व बोटे सतत हलविणे आवश्यक असते. औषधाने न थांबणारी व बोटे ताणताच वाढणारी वेदना, बधिरपणा अथवा बोटे थंड किंवा निळी पडणे यांपैकी काहीही आढळल्यास बंध तत्काळ दोन्ही बाजूंनी, आतील कापसासह, चिरावा लागतो. काही तासांचा उशीरही पाय गमावण्यास कारणीभूत होतो. पायातील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका संपूर्ण बंधकाळात असतो. तसेच खाज सुटली म्हणून आत विणकामाची सुई किंवा पट्टी घालण्याची सवय जखमेस आमंत्रण देते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा बंध पूर्ण वाळण्यास एक ते तीन दिवस लागतात व नंतरही तो भिजल्यास मऊ पडतो. १९७० नंतर प्रचारात आलेले काचतंतू व रेझीन यांचे बंध हलके व पाण्यास टिकाऊ असतात, पण महाग पडतात व सूज वाढल्यास कमी सैलावतात. बंध काढण्यासाठी वापरावयाची करवत फिरत नाही, केवळ कंप पावते. त्यामुळे कठीण कवच कापले जाते व मऊ त्वचा सहसा कापली जात नाही. रुग्णाची, विशेषतः मुलांची, भीती तिच्या आवाजामुळे असते. आतून निघणारा पाय बारीक झालेला, कोरड्या पापुद्र्यांनी व वाढलेल्या केसांनी झाकलेला असतो. त्यास बळ येण्यास बंधाच्या काळाइतका किंवा त्याहून अधिक काळ लागतो, याची कल्पना रुग्णास आधीच दिलेली बरी.

भारतात प्लॅस्टरच्या बरोबरीने हाडवैद्यांची परंपरा टिकून आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत बांबूच्या कामट्या, कापड व पाल्याचा लेप यांनी बंध घालणारे हाडवैद्य आढळतात. लेपासाठी व पोटात देण्यासाठी कांडवेल (हाडजोड) वापरतात. या वनस्पतीवर बनारस हिंदू विश्वविद्यालयातील के. एन. उडुपा व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात प्राण्यांवर प्रयोग केले व हाड लवकर सांधण्यास तिची मदत होते असा निष्कर्ष काढला. साध्या, न सरकलेल्या अस्थिभंगात अशा बंधाने गुण येतो, कारण तो एरवीही आला असता. मात्र सूज येण्यापूर्वीच आवळून बांधलेल्या कामट्यांमुळे पाय काळा पडून कापावा लागल्याची उदाहरणे, त्यातही लहान मुलांची, रुग्णालयांत दाखल होतात. सुश्रुताचा मध्यम बंधाचा नियम त्याच्याच परंपरेत असा विसरला जावा, हे खेदजनक आहे. उपचारांच्या यशाचे मापही येथे निराळे ठरते. गुडघा सु. ९० अंशांपर्यंत वाकला म्हणजे खुर्चीवर बसता येते व पाश्चात्त्य पुस्तकांनुसार परिणाम समाधानकारक समजता येतो. मांडी घालून जेवावयास बसणे, शौचासाठी उकिडवे बसणे, भातलावणी किंवा खुरपणी करणे यांसाठी गुडघा व घोटा त्याहून पुष्कळच अधिक वाकावे लागतात. म्हणून शेतकरी व मजूर रुग्णांच्या बाबतीत बंध निघाल्यावरचे व्यायाम हे हाड जुळण्याइतकेच महत्त्वाचे असून, मजुरी बुडते म्हणून नेमके तेच सर्वांत आधी सोडून दिले जातात.